हिरव्या परफ्यूमच्या तळाशी दगडफूल

परफ्यूमच्या धंद्यात 'ग्रीन' म्हणजे फुलाचा नव्हे, देठाचा वास. मटारची शेंग नखाने उकलताना येतो तो, ढोबळी मिरची चिरताना नाकात शिरतो तो. मिरचीची आठवण येते ती उगाच नाही. या घराण्याचा कणा म्हणजे गॅल्बनम हा डिंक. हिंगाच्याच कुळातल्या, इराणच्या डोंगरांत वाढणाऱ्या झाडाचा. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारे पायराझिन वर्गातले रेणू त्यातही असतात. बायबलमधल्या धूपाच्या कृतीतही गॅल्बनमचं नाव आहे, पण तेव्हा तो धुरासाठी होता, हिरवेपणासाठी नाही.

निसर्गाची हुबेहूब नक्कल करावी, असा आग्रह या कलेत सुरुवातीपासूनच नव्हता. 1882 मध्ये आलेल्या 'फुजेर रॉयाल'च्या नावातलं 'फुजेर' म्हणजे नेचा, आणि नेच्याला स्वतःचा म्हणावा असा वासच नसतो. त्याचा वास कसा असेल, हे बनवणाऱ्याने मनाने रचलं. त्यासाठी सुकत घातलेल्या गवताची आठवण करून देणारं कुमारिन वापरलं, तेही प्रयोगशाळेत तयार केलेलं.

खरा हिरवा सुगंध आला 1947 मध्ये. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. पॅरिसच्या एका फॅशन घराण्याने 'व्हाँ व्हेर' बाजारात आणलं. नावाचा अर्थ हिरवा वारा. ते घडवणारी एक स्त्री होती, आणि तेव्हा या कामात स्त्रिया अपवादानेच दिसत. गॅल्बनम इतका उग्र की एरवी थेंबाथेंबाने घालतात. तिने तो 8 टक्क्यांच्या आसपास घातला, असं जाणकार सांगतात. आजही हे धाडस वाटतं.

अशा परफ्यूमचं उलगडणं हुंगण्याच्या कागदी पट्टीवर बघावं. पहिली काही मिनिटं ओला, कडवट, तुटलेल्या पानाचा झोत. मग हायसिंथ, गुलाब, लिली ऑफ द व्हॅली पुढे येतात. यातल्या लिलीचं तेल फुलातून निघत नाही, म्हणून तीही रेणू जुळवून उभी करावी लागते. हिरवा झोत ओसरल्यावर उरतं ते ओकमॉस, आणि सोबत आपला वाळा. सकाळी लावलेली पट्टी संध्याकाळी हुंगली तर पावसात भिजलेल्या खोडाजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं. माझ्या मते हिरव्या परफ्यूमचा जीव इथे आहे, पहिल्या झोतात नाही.

नावात 'मॉस' असलं तरी ओकमॉस शेवाळ नव्हे. ओकच्या सालीवर वाढणारा तो दगडफुलाचा भाऊबंद आहे, दोन्ही एकाच कुळातले. गोड्या मसाल्यासाठी दगडफूल तेलात परतताना जो मातकट, लाकडी वास उठतो, तो आठवला की ओकमॉस निम्मं कळलं. आणि वाद पेटला तो याच्यावरच.

'ओकमॉसवर बंदी आली' असं सर्रास म्हटलं जातं. ते बरोबर नाही. आधी उद्योगाच्या स्वतःच्या नियमांनी तयार परफ्यूममध्ये ओकमॉसला 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. मग 2017 च्या युरोपीय नियमाने ओकमॉसमधले अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल हे दोन रेणू निषिद्ध ठरवले. 23 ऑगस्ट 2019 पासून ते असलेला नवा माल बाजारात उतरवता येईना आणि 23 ऑगस्ट 2021 पासून जुना साठाही विकता येईना. हे दोन्ही रेणू अत्यल्प प्रमाणातही काहींच्या त्वचेवर अ‍ॅलर्जी उठवतात, आणि एकदा जडलेली अ‍ॅलर्जी सहसा जात नाही. ज्याच्या मानेवर चट्टे उठले त्याला वासाची थोरवी सांगण्यात अर्थ नाही, हे मान्य. पण धोक्याची सूचना ठळक छापून निवड घेणाऱ्यावर सोडता आली असती, असं मला अजूनही वाटतं. भुईमूग बाजारातून हद्दपार झालेला नाही, पाकिटावर नुसती सूचना असते.

आता हे दोन रेणू काढून शुद्ध केलेलं ओकमॉस मिळतं. जोडीला एव्हर्निल हा कृत्रिमरीत्या बनवलेला रेणू वापरतात, जो मूळ ओकमॉसमध्येही असतो. दोन्ही स्वच्छ आहेत, आणि हा स्वच्छपणाच खटकतो. शाईसारखी, किंचित खारट खोली गेली. 'व्हाँ व्हेर'ची रचना तर या नियमांच्या बरीच आधी, 1990 च्या दशकातच बदलली होती. त्यामुळे जुन्या बाटलीची आठवण असलेले आणि नवी हुंगलेले एकाच नावाने दोन वेगळ्या वासांबद्दल भांडतात.

2022 च्या मार्चमध्ये लिलीचा वास उभा करणारा लिलिअल हा रेणूही युरोपात बंद झाला. म्हणजे तळानंतर आता मधला भागही नव्याने बांधणं आलं. कनौजच्या शमामा अत्तरासाठी दगडफूल, तिकडच्या बोलीत छडीला, आजही तांब्याच्या देगेत पडतं. ते अत्तर युरोपात विकायचं तर नियम त्यालाही लागू आहे. कायदा रेणू बघतो, तो ओकवरून आला की दगडावरून, हे बघत नाही.