वेगळी चूल

वेगळी चूल : एकत्र कुटुंबातला एखादा भाऊ किंवा मुलगा आपला संसार स्वतंत्र मांडतो, त्याला महाराष्ट्रात ‘चूल वेगळी करणे’ किंवा ‘वेगळे निघणे’ म्हणतात. लाकडाच्या चुलीची जागा गॅसने घेतली तरी शब्द टिकला, कारण घर मोजण्याचे माप तेच आहे. जनगणनेतही एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाच्या व्याख्येत एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक कुळधर्म आणि नाते अशा गोष्टी घेतल्या. या गोष्टी एका दिवशी तुटत नाहीत. पहिली जाते ती चूल. छप्पर बरेचदा तेच राहते. माजघरात भिंत येते आणि एका आढ्याखाली दोन स्वयंपाकघरे होतात. भांडी वाटली जातात, शिधापत्रिका वेगळी काढतात. जमिनीचे वाटप तोंडी होते, पण सातबाऱ्यावर सगळ्या भावांची नावे एकत्रच असतात, कधी कधी दोन-दोन पिढ्या. आईवडिलांची ‘पाळी’ लागते : एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. वाटणीतला सर्वांत अवघड भाग हाच. देव सहसा थोरल्या घरी राहतात, आणि कोकणात गणपतीला वेगळे निघालेलेही मूळ घरीच जमतात.

म्हणून ‘एकत्र कुटुंब मोडले, विभक्त आले’ हे नेहमीचे विधान अपुरे ठरते. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुव्याच्या अभ्यासात दाखवले, की वेगळी राहणारी घरेही मालमत्ता आणि कर्तव्ये यांनी बांधलेली असतात. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांचे तसेच होते. पुरुष गिरणगावात खाणावळीत जेवत, बायकामुले आणि शेती गावाकडे, मध्ये मनीऑर्डर. माणसे दोन ठिकाणी, घर एक.

चूल वेगळी झाल्याचा ठपका बहुधा सुनेवर येतो. तो फारसा खरा नसतो. एका भावाला पगार आणि बाकीचे शेतीवर, अशी मिळकतीतली तफावत वाढली की खर्चाचा हिशेब सुरू होतो. सून फक्त तो बोलून दाखवते.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. त्यामुळे वाटणीच्या कागदावर बहिणींची नावे आली. तरी माहेर तुटू नये म्हणून अनेक जणी हक्कसोडपत्रावर सही करतात. भाऊबीज चालू राहते, जमीन भावांकडे जाते.

अलीकडचा मोठा बदल मात्र भावंडांच्या संख्येतला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातला एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १९९२-९३ मध्ये २.९ होता, २०१९-२१ मध्ये १.७ झाला. एकच मुलगा असेल तर वेगळे निघायचे कोणापासून? तो नोकरीसाठी पुण्यात सदनिका घेतो, आईवडील गावी राहतात. पिठाची पिशवी आणि लोणच्याची बरणी एसटीने पोचते, पैसे मोबाइलवरून येतात. सातबारा एक, देव्हारा एक, चुली दोन. जनगणनेत ही दोन कुटुंबे. गावात मात्र ‘पोरगं पुण्याला असतं’ एवढेच सांगतात. तो वेगळा निघाला असे कोणी म्हणत नाही.