अक्षयनिधी, शैक्षणिक

मुद्दल न मोडता केवळ त्याच्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, पारितोषिके, वसतिगृहे किंवा संस्थेचे लोकोपयोगी उपक्रम चालावेत, या अटीवर दिलेले कायम दान.

प्राचीन लेखांत अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. महाराष्ट्रातील तिचा सर्वांत तपशीलवार पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांतील 10 क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने 3,000 कार्षापण (तत्कालीन नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवले : 2,000 शेकडा 1 दराने, 1,000 शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच वापरायचे. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. हा दर दरमहाचा मानला तर वर्षाचे व्याज 240 होते आणि वाटपही नेमके तेवढेच भरते. त्यामुळे मासिक दराचे वाचन स्वीकारणे योग्य वाटते. दुसऱ्या रकमेच्या व्याजातून द्यायच्या ‘कुशणमूल’ या शब्दाच्या अर्थाबाबत मतभेद आहेत; निर्वाहाचा किरकोळ खर्च हा अर्थ संदर्भाशी अधिक जुळतो. लेखातील 42 वे वर्ष शक संवताचे मानल्यास हे दान सुमारे इ.स. 120 मधील ठरते. ते नहपानाचे राज्यवर्ष मानणारे अभ्यासक त्याला बरेच आधीचे धरतात. दान निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून फलकावर नोंदवले होते, म्हणजे जाहीर नोंदणीची गरज तेव्हाही ओळखलेली होती. मात्र व्याजाचा पै न् पै आधीच वाटून टाकल्याने घट सोसायला काहीच शिल्लक राहत नव्हते.

हे दान भिक्षुसंघाला होते, विद्यालयाला नव्हे. विद्यापीठाच्या अधिक जवळचे उदाहरण नालंदा येथील, पाल राजा देवपालाच्या ताम्रपटाचे (नववे शतक). सुवर्णद्वीपाचा (सुमात्रा परिसर) राजा बालपुत्रदेव याच्या विनंतीवरून नालंदा येथील विहाराला पाच गावे दिली गेली. भिक्षूंच्या निर्वाहाबरोबर ग्रंथलेखनाचाही त्यात उल्लेख आहे. ताम्रपटातील देवपालाचे राज्यवर्ष 35 की 39, यावर एकमत नाही.

आधुनिक काळात प्रेमचंद रायचंद यांनी कलकत्ता विद्यापीठाला 2 लाख रुपये दिले. त्यांच्या नावाची अभ्यासवृत्ती त्यातून सुरू झाली. जमशेटजी टाटा यांनी 1892 मध्ये उच्च शिक्षणासाठी स्थापलेल्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते. परतफेड पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येत असल्याने ही रचना केवळ व्याजावर अवलंबून राहत नाही.

निधी उभारताना देणगीपत्रात रक्कम, उद्देश, पात्रता, निवड समिती, न वाटलेल्या व्याजाचे काय करायचे आणि मूळ हेतू अशक्य झाल्यास पर्यायी हेतू कोणता, हे सर्व लिहावे. ‘ही रक्कम कायम निधीत जमा करावी’ असा देणगीदाराचा स्पष्ट लेखी निर्देश संस्थेने जपून ठेवावा; आयकरात कॉर्पस (कायम निधी) म्हणून मान्यता त्यावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील नोंदणीकृत न्यासाची गुंतवणूक महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 35 प्रमाणे करावी लागते. निष्फळ झालेल्या हेतूऐवजी जवळचा हेतू ठरवण्याची तरतूद कलम 55 मध्ये आहे.

सर्वांत मोठा धोका महागाईचा. 5 लाखांच्या ठेवीवर 7 टक्क्यांनी वर्षाला 35,000 रुपये येतात. ते सगळे वाटले आणि महागाई 5 टक्के राहिली, तर सुमारे 14 वर्षांत या निधीची क्रयशक्ती निम्मी होते. ती टिकवायची असेल, तर 25,000 रुपये मुद्दलात मिळवून फक्त 10,000 वाटता येतात. देणगीदारांना हे आकडे सुरुवातीलाच दाखवले पाहिजेत. जुन्या पदक-पारितोषिकांची आजची रक्कम विद्यार्थ्याला एका पुस्तकापुरतीही पुरत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून पत्रात ‘दरवर्षी 5,000 रुपये’ असे न लिहिता ‘उत्पन्नाचा अमुक हिस्सा’ असे लिहावे, आणि एकेकटे चालवणे न परवडणारे लहान निधी गुंतवणुकीपुरते एकत्र करण्याची मुभा ठेवावी. हिशेब मात्र वेगळे राहावेत.

दुसरी अडचण अटींची. एखाद्या बंद पडलेल्या विषयात पहिल्या येणाऱ्या, अमुक गावच्या विद्यार्थ्यालाच, अशी दुहेरी अट घातली की पात्र उमेदवार मिळत नाही आणि व्याज साचत जाते. पात्रतेचा प्राधान्यक्रम दिल्यास, म्हणजे आधी गावचा, नसल्यास तालुक्याचा, नंतर कोणीही गरजू, हा प्रश्न बहुतांशी सुटतो. वाटपाची वेळही तितकीच महत्त्वाची : शुल्क भरण्याची मुदत जूनमध्ये आणि धनादेश मार्चमध्ये, असे झाले तर ज्याला खरी गरज आहे तो विद्यार्थी तोवर गळालेला असतो. यासाठी मागील वर्षाचे व्याज चालू वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी वाटावे.