ओळख कोण करून देणार?

पीअर-टू-पीअर, म्हणजे लोकांचे संगणक थेट एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर सुरू केलं की पहिला प्रश्न येतो तो समोरचा संगणक शोधायचा कसा, हा. १९९९ मध्ये गाण्यांच्या फाइली वाटून घेण्याच्या नॅपस्टर या सेवेने त्यावर सोपा तोडगा काढला: फाइली लोकांच्या संगणकांवर, त्यांची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. २००१ मध्ये न्यायालयीन लढाईत ती यादी बंद पडली आणि सगळं जाळंच थांबलं.

याला दोन टोकांची उत्तरं एकाच माणसाने दिली. प्रोग्रामर जस्टिन फ्रँकेलने २००० मध्ये ग्नुटेला हे फाइल-शेअरिंगचं जाळं आणलं. त्यात मधली यादी नव्हती आणि कुणीही आत येऊ शकत होतं. २००३ मध्ये त्यानेच वेस्ट हा प्रोग्राम लिहिला, पण तो मोजक्या ओळखीच्या लोकांपुरता. तिथे आधी एकमेकांच्या पब्लिक की, म्हणजे समोरचा तोच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल किल्ल्या, घ्याव्या लागत. या खटाटोपामुळेच ते जाळं मोठं होणं अवघड होतं. फ्रीनेट या तशाच दुसऱ्या जाळ्याने २००८ च्या ०.७ आवृत्तीत दोन्ही वाटा दिल्या: फक्त मित्रांशी जोडा, किंवा अनोळखी नोडशी (जाळ्यातल्या इतर संगणकांशी) जोडणीही चालू द्या.

मला मात्र सगळ्यात बोलकं वाटतं ते काझा या फाइल-शेअरिंग प्रोग्रामवरचं २००२ चं संशोधन. तुमच्या संगणकातलं नेमकं काय शेअर होतंय, हे १२ जणांना ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तर फक्त दोघांना देता आलं. अख्खी हार्ड डिस्क उघडी असताना आपण काहीच शेअर करत नाही, अशी काहींची समजूत होती. इथे कुणी कुलूप फोडलं नव्हतं, स्क्रीनवरची मांडणीच फसवी होती. अशा वेळी दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

२०१३ मध्ये आलेल्या सिंकथिंगने, म्हणजे आपल्या उपकरणांमधल्या फाइली थेट एकसारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रामने, पत्ता शोधणं आणि विश्वास ठेवणं ही दोन कामं वेगळी केली. प्रत्येक उपकरणाचा आयडी ५६ अक्षरांचा, सातसातच्या आठ गटांत. तो वाचून टाइप करणं जिकिरीचं, म्हणून क्यूआर कोड. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्यता दिल्याशिवाय एकही फाइल हलत नाही. उपकरणं शोधून देणारा डिस्कव्हरी सर्व्हर फक्त पत्ता सांगतो. त्याने चुकीचा सांगितला, तरी समोरच्या सर्टिफिकेटशी (उपकरणाच्या डिजिटल ओळखपत्राशी) आयडी जुळत नाही आणि जोडणी होत नाही. कोणता आयडी कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) आहे, हे मात्र त्या सर्व्हरला कळतंच. ते नको असेल तर ही सोय बंद करून पत्ते हाताने भरता येतात, किंवा स्वतःचा सर्व्हर चालवता येतो.