लंडी खानाला जायचं होतं : परुळकरांच्या पलायनामागची गोष्ट

१३ ऑगस्ट १९७२, रविवार. खैबर खिंडीतल्या लंडी कोटलच्या बाजारात सकाळी तीन तरुण चौकशी करत होते : लंडी खानाला कसं जायचं? लंडी कोटलहून अफगाण सरहद्द जेमतेम सात-आठ किलोमीटर. तिघे रात्रभर जागे होते, बसच्या टपावर बसून आले होते आणि डोक्यावरच्या टोप्या नव्या कोऱ्या होत्या. आसपासच्यांना संशय आला तो त्या प्रश्नामुळे, कारण लंडी खाना हे ठिकाण त्या काळी कुणी विचारतच नसे.

या तिघांचे म्होरके होते भारतीय हवाई दलातले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. सोबत मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. आदल्या रात्रीपर्यंत तिघेही रावळपिंडीत युद्धकैदी होते.

परुळकर १९६३ मध्ये हवाई दलात आले. दोनच वर्षांनी युद्ध. त्यात शत्रूचा मारा विमानाला लागला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. तुकडीच्या प्रमुखाने विमान सोडून उडी मारायला सांगितलं. परुळकरांनी तेच विमान तळावर परत आणलं. वायुसेना पदक मिळालं ते त्याबद्दल. पुढे कधी शत्रूच्या हाती सापडलोच तर बसून राहणार नाही, पळणार, असं त्यांनी १९७१ च्या आधीच बोलून ठेवलं होतं, असं सांगतात. मेसमध्ये अशी वाक्यं पुष्कळ जण बोलतात म्हणा.

१० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं. सुखोई-७ हे जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणारं विमान. खाली यायचं, मारा करायचा, वर उठायचं, आणि नेमकं तेव्हाच विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात सापडायचं. युद्ध आठवड्याभरात संपलं, पण कैदी तसेच अडकले. पूर्वेकडे शरण आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताकडे होते आणि त्यांचा प्रश्न बांगलादेशाच्या मान्यतेशी आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांशी जोडला गेला होता. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला. त्यातही कैद्यांच्या सुटकेची तारीख नव्हती. रावळपिंडीच्या छावणीत बसलेल्या माणसाला याचा अर्थ एकच : कधी सुटणार ते कुणालाच माहीत नाही.

ही गोष्ट सांगताना हल्ली बरेच जण ‘भुयार खोदलं’ असं म्हणतात. भुयार नव्हतं. पाच नंबरच्या कोठडीच्या मागच्या भिंतीला भोक पाडलं होतं. विटांभोवतीचं सिमेंट रात्री-रात्री खरवडायचं आणि निघालेला चुरा खोलीतच दडवायचा. बाहेरच्या बाजूचा गिलावा फार चिवट निघाला आणि बेत पुढे ढकलावा लागला. बाकीचं सामानही छावणीतलंच. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं. वैमानिकांच्या जी-सूटमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या खास पोशाखात, हवा भरण्याच्या रबरी पिशव्या असतात, त्या पाण्यासाठी वापरल्या. नकाशा मिळाला तो शाळेतल्या ॲटलासमधून.

१२ ऑगस्टच्या रात्री वादळ आलं. बाहेरचा पहारेकरी तोंडावर पांघरूण ओढून बसलेला. तिघे भोकातून सरकले, भिंत ओलांडून रस्त्यावर आले, तर समोर सिनेमाचा रात्रीचा खेळ सुटलेला. त्या गर्दीत मिसळून त्यांनी पेशावरची बस पकडली. कुणी विचारलंच तर आपण रजेवर निघालेले पाकिस्तानी हवाई दलाचे लोक, असं सांगायचं ठरलेलं. परुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी झाले हॅरॉल्ड जेकब. ख्रिस्ती नावं घेतली की नमाजाचा प्रश्न येत नाही.

इथवर सगळं जमलं. चूक होती ती नकाशाची. खैबरची रेल्वे इंग्रजांनी १९२५ मध्ये लंडी कोटलपर्यंत आणि १९२६ मध्ये पुढे लंडी खानापर्यंत नेली होती. पण तो शेवटचा तुकडा १९३२ मध्येच बंद पडला. नकाशावर मात्र स्टेशन राहून गेलं. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाची चौकशी करणारे हे तिघे स्थानिकांना वाटले पाकिस्तानात अडकलेले आणि अफगाणिस्तानमार्गे निसटू पाहणारे बंगाली. त्या दिवसांत तसे बरेच बंगाली त्या वाटेने निघत होते. म्हणजे भारतीय म्हणून त्यांना कुणी ओळखलंच नव्हतं!

तहसीलदाराच्या कचेरीत नेल्यावर परुळकरांना जे सुचलं, ते मला भोकापेक्षाही मोठं वाटतं. टोळीवाल्यांच्या मुलखात बेवारस ठरलो तर काय होईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पाकिस्तानी हवाई दलाच्या प्रमुखांच्या एडीसींना, म्हणजे त्यांच्या दिमतीच्या अधिकाऱ्याला, फोन लावायला सांगितलं. हे एडीसी म्हणजे उस्मान हमीद, छावणीचे आधीचे कमांडंट. हमीदनी पलीकडून सांगितलं की ही माणसं आमची आहेत, नीट सांभाळा. ज्याच्या छावणीतून पळायचं, जीव वाचवायला त्याच्याच ओळखीचा आधार घ्यायचा!

परत आणल्यावर तिघांना ३० दिवस एकांतकोठडी मिळाली. हा आकडा कुणाच्या मर्जीने आलेला नव्हता. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे फसलेल्या पलायनाला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि तिची मर्यादा ३० दिवस. पुढे सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. आज त्या गावाचं नाव फैसलाबाद. १ डिसेंबर १९७२ ला ते वाघा सरहद्दीवरून परतले, म्हणजे पळाले नसते तरी साडेतीन महिन्यांनी सुटलेच असते. पण हे ऑगस्टमध्ये कुणाला ठाऊक?

नंतरची नोकरी चारचौघांसारखी, म्हणजे हवाई दलाच्या हिशेबाने चारचौघांसारखी. हवाई दलाच्या अकादमीत उड्डाण-प्रशिक्षक, दोन वर्षं सिंगापूरमध्ये, आणि खडकवासल्याच्या एनडीएत बटालियन कमांडर. विशिष्ट सेवा पदकही मिळालं. ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाल्यावर त्यांनी मुक्काम पुण्यातच ठेवला. १० ऑगस्ट २०२५ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते तिथेच गेले. लंडी कोटलच्या त्या सकाळीला ५३ वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.