रिकाम्या जागेला वजन नसतं

१९४३ सालची गोष्ट. सिंगापूर जपानच्या ताब्यात गेल्यामुळे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्यातला हवाई मार्ग मधेच तुटला होता. तो सांधायला क्वांटास कंपनीनं पर्थहून थेट सिलोन गाठायचं ठरवलं. मधे साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त हिंदी महासागर. विमान कॅटालिना, म्हणजे पाण्यावर उतरणारी उडती होडीच. वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. प्रवास सत्तावीस ते तेहतीस तासांचा. शत्रूच्या भीतीनं रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. एका फेरीत सूर्य दोनदा उगवताना दिसायचा, म्हणून या फेऱ्यांना 'डबल सनराइज' हे नाव पडलं. एवढा खटाटोप करून विमानातून जायचे किती प्रवासी? जास्तीत जास्त तीन. सोबत ६९ किलो टपाल. बाकी सगळी ताकद इंधन वाहण्यात जायची.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. लांब पल्ल्याच्या विमानांना ही म्हण आजही तंतोतंत लागू पडते.

सिंगापूर ते न्यूयॉर्क हा आजचा सगळ्यात लांब नियमित पल्ला घ्या. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर, वेळ अठरा तासांच्या वर. त्यासाठी सिंगापूर एअरलाइन्स एअरबस ए३५०-९०० विमानाचा 'यूएलआर' (अल्ट्रा लाँग रेंज, म्हणजे अतिलांब पल्ल्याचा) हा खास अवतार वापरते. उड्डाणाच्या वेळी या विमानाचं वजन जास्तीत जास्त २८० टन असू शकतं. टाक्यांत मावतं १,६५,००० लिटर इंधन. लिटरमागे ८०० ग्रॅम धरले तर झाले १३२ टन. प्रवासी १६१, सामानासकट माणशी शंभर किलो धरले तर सोळा टन. म्हणजे रुपयातले सत्तेचाळीस पैसे इंधन, जवळपास तेवढंच खुद्द विमान, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ती माणसं त्यांच्या बॅगांसकट सहा पैसे! टाक्या काठोकाठ भरल्या तर माणशी आठशे किलोच्या वर इंधन पडतं.

इतकं इंधन का लागतं? उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या बिनपाण्याच्या वाटेनं गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पाणी पाठीवर घ्यायचं, त्या ओझ्यानं घाम जास्त, घामानं तहान जास्त, तहानेसाठी आणखी पाणी. विमान शेवटच्या तासाला जे इंधन जाळणार ते आधीचे सतरा तास त्याला वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहायला वेगळं इंधन जळतं. ढोबळ हिशेब असा: तासाला साधारण सहा टन इंधन जळतं. २८० टनांनी निघालेलं विमान उतरताना १७० टनांच्या आसपास असतं. म्हणजे न्यूयॉर्कला पोचवलेल्या दर जादा किलोमागे साधारण ६५० ग्रॅम इंधन वाटेत गेलं. दोन तासांच्या उड्डाणात हाच आकडा शंभर ग्रॅमच्याही खाली राहतो.

मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान २०२२च्या डिसेंबरात सुरू झालं, पल्ला सोळा तासांच्या आसपास. मुलीकडे निघालेल्या आईनं शेवटच्या क्षणी बॅगेत किलोभर भाजणी कोंबली, तर त्या भाजणीच्या नावावर अर्धा किलोच्या वर इंधन जळतं. (भाजणी न्यावीच. तिथे मिळते ती भाजणी नव्हे.)

मग मधे कुठेतरी उतरून इंधन भरलं तर? नुसतं इंधन मोजलं तर ते फायद्याचंच ठरतं. दुसऱ्यांदा उड्डाण करून वर चढायला इंधन लागतं खरं, पण पंधरा हजार किलोमीटरच्या पल्ल्यावर इंधनानं इंधन वाहण्याचा खर्च त्याहून मोठा असतो. तरीही लोक थेट विमानाला जास्त पैसे मोजतात, कारण मधल्या विमानतळावर रात्री तीन वाजता प्लास्टिकच्या खुर्चीत बसणं त्यांना नको असतं. थेट विमान इंधनापेक्षा वेळ वाचवतं, आणि विकायलाही वेळच ठेवलेला असतो.

हा धंदा सोपा नाही. सिंगापूर-न्यूयॉर्क याच मार्गावर सिंगापूर एअरलाइन्सनं २००४मध्ये चार इंजिनांचं ए३४०-५०० उतरवलं होतं. आधी १८१ जागा होत्या. २००८मध्ये त्या शंभरावर आणल्या, सगळ्या बिझनेस क्लासच्या. २०१३मध्ये सेवाच बंद झाली. चार इंजिनांची तहान महाग इंधनाच्या काळात परवडली नाही. २०१८च्या ऑक्टोबरात दोन इंजिनांचं, कार्बन फायबरच्या अंगाचं ए३५० आलं तेव्हा गणित पुन्हा जमलं.

प्रवाशाच्या पाठीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. तीच कंपनी तेच ए३५०-९०० इतर लांबच्या मार्गांवर २५३ जागांनी चालवते. न्यूयॉर्कच्या विमानात १६१. इकॉनॉमी क्लास नाहीच. ६७ जागा बिझनेसच्या, ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या. ब्याण्णव माणसं कमी म्हणजे सामानासकट नऊ टन कमी. पुढची मालवाहू कोठीही वापरात नाही. जाहिरातीत याला ऐसपैस आराम म्हणतात, आणि तो आराम खोटा नाही. पण जागा मोकळी सोडण्यामागे कंपनीची दर्यादिली शोधू नये. ती माणसं बसवली असती तर विमान तिथवर पोचणं अवघड झालं असतं. एरवी आराम आणि हलकेपणा यांचं सख्य नसतं, या टोकाच्या पल्ल्यावर मात्र ते एकाच बाजूला येतात.

अर्थात पूर्णपणे नाही. इकॉनॉमीची सीट माणशी दहा-बारा किलोंची असते. आडवी होऊन पलंग बनणारी बिझनेसची सीट तिची मोटर, कवच, टेबल, पडदा धरून ऐंशी किलोंच्याही वर जाते. म्हणजे त्या सीटवर बसलेल्या माणसापेक्षा सीट जड असू शकते.

ज्या सुखाला सीटइतकंही वजन लागत नाही, ते हवेचं. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं तेव्हा आतली हवा दाबून जमिनीसारखी ठेवता आली तर उत्तम, पण तसं करत नाहीत. आतला दाब वाढवला की विमानाचं नळकांडं फुग्यासारखं ताणलं जातं. ते सोसायला पत्रा जाड हवा, आणि जाड पत्रा म्हणजे वजन. म्हणून केबिनमध्ये पूर्वापार आठ हजार फुटांवरच्या विरळ हवेइतका दाब चालवून घेतला गेला. ही उंची सिमल्याहून जास्त झाली. २००७मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५०२ जणांना बंद खोलीत वेगवेगळ्या 'उंचीं'च्या हवेत वीस तास ठेवलं होतं. सात-आठ हजार फुटांच्या हवेत तीन ते नऊ तासांनंतर अंगदुखी, थकवा, अस्वस्थता वाढत गेली. सहा हजारांपर्यंत तसं दिसलं नाही. प्रयोगाचा खर्च बोइंगचा होता हे ध्यानात ठेवावं, पण निष्कर्ष आपल्या अनुभवाशी जुळणारा आहे. लांबच्या प्रवासानंतर येणारं ते न सांगता येणारं जडपण नुसत्या जागरणाचं नसतं.

बोइंगच्या ७८७ आणि एअरबसच्या ए३५० या दोन्ही विमानांत आता सहा हजार फुटांचा दाब ठेवतात. कळसूबाईच्या माथ्याहून थोडं वर. हे जमलं कार्बन फायबरमुळे. अॅल्युमिनियमचा पत्रा प्रत्येक उड्डाणात ताणून सैल झाला की थोडा थकतो. कार्बनचं कवच तो ताण जास्त सोसतं, आणि हलकंही असतं. शिवाय ते गंजत नाही, म्हणून केबिनमध्ये ओलावा थोडा जास्त ठेवता येतो. पण ओलाव्यालाही वजन आहे. बाष्प घालायचं तर पाणी सोबत न्यायला हवं, आणि माणसांच्या श्वासातलं बाष्प थंड कवचावर गोठून आतल्या अस्तरात मुरतं. असं मुरलेलं पाणी काही विमानांत शेकडो किलो भरतं. प्रवाशांचे उच्छ्वास मुक्कामापर्यंत वाहून न्यायचे, असा प्रकार.

पाण्यावरून आठवलं. बेसिनमध्ये हात धुतलेलं पाणी तापवलेल्या नळीतून उडत्या विमानाबाहेर सोडून देतात, तिथल्या तिथे वजन कमी. चहा आणि बाटलीतलं पाणी मात्र आपण प्यायलो तरी विमान हलकं होत नाही. ते आपल्यातून निघून शौचालयाच्या टाकीत जातं आणि टाकी शेवटपर्यंत सोबत येते.

प्रकाशाला तर काहीच वजन नाही. २०१९च्या ऑक्टोबरात क्वांटासनं न्यूयॉर्क ते सिडनी असं १९ तास १६ मिनिटांचं चाचणी उड्डाण केलं, ७८७मधून, पन्नासच्या आसपास माणसं घेऊन. संध्याकाळी निघालेल्या विमानात रिवाजाप्रमाणे जेवण देऊन दिवे मालवण्याऐवजी दिवे लख्ख ठेवले, मसालेदार खायला दिलं, हातपाय हलवायला लावले आणि सिडनीत रात्र झाल्यावरच झोपू दिलं. घड्याळ मुक्कामाचं, विमान कुठलंही असो.

त्याच कंपनीचा 'प्रोजेक्ट सनराइज' सिडनी ते लंडन थेट जाण्याचा आहे. सतरा हजार किलोमीटर, वीस तासांच्या वर. नाव अर्थातच त्या कॅटालिनांवरून. विमान ए३५०-१०००, मागच्या बाजूला २०,००० लिटरची जादा टाकी. इतर कंपन्या या विमानात तीनशेहून अधिक लोक बसवतात, इथे २३८. शिवाय मधे थोडी जागा रिकामी, नुसती उभं राहायला, अंग ताणायला. ही चैन नव्हे. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालात म्हटलं आहे. मुळात धोका लहान, सहा हजारांत एक. पण वीस तास बसायचं म्हटल्यावर उठून फिरायला जागा हवीच.

या विमानात इकॉनॉमीच्या १४० जागा आहेत. दोन रांगांतलं अंतर ३३ इंच. एरवी ३१ इंच असतं. म्हणजे वीस तासांसाठी गुडघ्यांना दोन इंचांची, पाच सेंटिमीटरची वाढीव मंजुरी. कौतुक करावं की हसावं, ते ज्यानं त्यानं आपापल्या उंचीप्रमाणे ठरवावं.

ऑकलंड ते न्यूयॉर्क हा सतरा तासांच्या आसपासचा प्रवास घडवणाऱ्या एअर न्यूझीलंडनं वजनाचा प्रश्न सरळ काट्यावर नेला. २०२३मध्ये ऑकलंड विमानतळावर त्यांनी प्रवाशांना स्वेच्छेनं वजनकाट्यावर उभं केलं. आकडा कुणाला दिसणार नाही अशी सोय ठेवून. सरासरी वजन नीट कळलं की टाकीत अंदाजानं जादा इंधन घालावं लागत नाही. इकॉनॉमीतल्या प्रवाशांच्या पाठीसाठीही याच कंपनीनं एक तोड काढली आहे. आपल्या थ्री टायरसारखे एकावर एक तीन, असे एकूण सहा बर्थ. वेगळे पैसे भरायचे, चार तास आडवं व्हायचं. चार तास झाले की उठायचं, चादर बदलतात, पुढचा येतो. गिरणगावातल्या खोल्यांत पहिल्या पाळीचा कामावर गेला की तिसऱ्या पाळीवरून आलेला त्याच जागेवर पथारी टाकायचा, तसंच.