शपथ मोडली की बाटली का संपते?

घरात कुणी दारू सोडतो म्हणाला की पहिला उपाय ठरलेला असतो: पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. लाज जितकी जास्त तितका माणूस घट्ट राहील, ही त्यामागची समजूत. ती उलटी कशी पडते, हे वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी १९८५ साली जुडिथ गॉर्डन यांच्यासह नेमकं मांडलं.

समजा, चार महिने कोरडे गेले आणि एका लग्नात एक पेग पोटात गेला. 'हे का झालं?' या प्रश्नाचं उत्तर माणूस स्वतःलाच देतो. मार्लाट त्याच्या तीन बाजू तपासतात. कारण माझ्यात आहे की प्रसंगात? कायमचं आहे की बदलणारं? सगळ्या आयुष्याला लागू की तेवढ्यापुरतं? 'मीच नालायक, असाच राहणार, माझं कशातच धड नाही' हे उत्तर तिन्ही बाजूंनी घातक, कारण त्यात उद्या वेगळं करण्याजोगं काही शिल्लकच राहत नाही. वर अपराधीपणाचा ताण. ताणाने तलफ वाढते आणि ताणावरचा ओळखीचा उतारा तर हातातच असतो. म्हणून दुसरा पेग पुष्कळदा पहिल्याच्या शरमेवर घेतला जातो. शपथ असेल तर शरम दुप्पट. ती एकदा मोडली की राखायचं तरी काय?

संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सल्ल सुत्तात, म्हणजे बाणाच्या सूत्रात, हेच वेगळ्या अंगाने येतं. शरीराची वेदना हा पहिला बाण, तिच्यावर केलेला आकांत हा दुसरा. याच परंपरेतल्या ध्यानात तलफेकडे शरीरातली संवेदना म्हणून बघायचं: घसा कोरडा, छातीत ओढ, चढते आणि ओसरते. त्याला जोड मैत्रीभावनेची, म्हणजे भलं चिंतण्याच्या सरावाची, तीही स्वतःपासून सुरू केलेली. इथे लाड नाहीत. 'लग्नात मित्रांच्या टेबलावर बसलो, पुढच्या वेळी जेवून निघेन' असं म्हणता येणं म्हणजे त्या तिन्ही उत्तरांची दिशा बदलणं.

रुग्णाच्या नकळत चहात कालवायच्या पावडरी विकणाऱ्यांना हे असलं काही सांगायचं नसतं. पण ध्यानाचीही जाहिरात नको. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर झटके, भ्रम, क्वचित मृत्यूही येऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर.

पुरावा काय? सिअ‍ॅटलजवळच्या तुरुंगात इगतपुरीच्या गोयंका परंपरेचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर घेतलेल्या कैद्यांचं सुटकेनंतरचं व्यसन कमी आढळलं (२००६), पण शिबिर त्यांनी स्वतःहून निवडलं होतं. म्हणून २०१४ ची २८६ जणांची चाचणी महत्त्वाची: गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले, एकाला ध्यान, दुसऱ्याला घसरण टाळण्याचं मानसशास्त्रीय प्रशिक्षण, तिसऱ्याला नेहमीचे उपचार; ध्यानाचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा. वर्षाअखेर ध्यानगटात नशेचे दिवस आणि बेसुमार पिणं इतर दोन्ही गटांपेक्षा कमी होतं. मात्र अमली पदार्थांकडे पहिल्यांदा परत वळणं लांबवण्यात ध्यानापेक्षा मानसशास्त्रीय प्रशिक्षणच सरस ठरलं. आणि त्या आठ आठवड्यांत मैत्रीभावनेचा वाटा किती, संवेदना बघण्याचा किती, हे या चाचणीतून सुटं करता येत नाही.