कॅलाबॅशचा धूर मवाळ का लागतो?

निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात तंबाखूबद्दल कुणाला शिकवायला जाऊ नये. पान नीट वाळलंय की अजून ओल धरून आहे, हे वखारीतला माणूस मुठीत दाबून सांगतो. पाईप मात्र इथे फारसा कुणी ओढत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी इंटरनेटवर जे लिहिलेलं असतं ते आपण तसंच गिळतो. त्यातला सर्वांत लाडका दावा असा : कॅलाबॅश नावाच्या बाकदार, पोटफुगव्या पाईपच्या पोकळीत धूर पसरतो आणि पसरला म्हणून थंड होतो, फ्रिजमधल्या वायूसारखा. हा धूर जिभेला कमी झोंबतो, हा ओढणाऱ्यांचा अनुभव खरा आहे. चुकलंय ते त्याचं कारण.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. कॅलाबॅश म्हणजे भोपळा. शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरारिया. आपला दुधी याच जातीचा आणि मिरजेच्या तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा कडू भोपळाही याच जातीचा. पाईपचे भोपळे दक्षिण आफ्रिकेतले, लहान आणि लांब मानेचे. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धानंतर त्यांचे पाईप ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाले. शेरलॉक होम्सच्या तोंडी हा पाईप नंतर चित्रांनी आणि नटांनी दिला. मूळ कथांत तो मातीचा, ब्रायर लाकडाचा किंवा चेरीच्या लाकडाचा पाईप ओढतो.

रचना सोपी आहे. भोपळ्याच्या रुंद तोंडात मीरशॉमची वाटी बसते, अळंबीच्या आकाराची. मीरशॉम म्हणजे सेपिओलाइट, मॅग्नेशियमचं सच्छिद्र, हलकं खनिज. त्याच्या नावाजलेल्या खाणी तुर्कस्तानात एस्किशेहिरला आहेत. वाटी आणि भोपळा यांच्या मध्ये बुचाची कडी असते, तिच्यामुळे सांधा हवाबंद होतो. तंबाखू वाटीत जळतो, धूर वाटीच्या बुडाच्या भोकातून खालच्या पोकळीत उतरतो, तिथून भोपळ्याच्या मानेत आणि मग नळीतून तोंडात. साध्या पाईपमध्ये ही मधली पोकळी नसते. वाटीतून धूर थेट चार मिलिमीटरच्या बोगद्यात शिरतो.

आता पसरण्याचा हिशेब करू. ओढताना तोंडात तयार होणारा उणा दाब फार तर पाच-दहा सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. वातावरणाचा दाब साधारण 1,033 सेंटीमीटर. म्हणजे फरक टक्क्याच्या आसपास. एवढ्या फरकाने वायू उष्णता न घेता-देता पसरला, तर तापमान एखाद्या अंशाने उतरतं. फ्रिजशी तुलना इथेच संपते. तिथे दाब कित्येक पटींनी पडतो आणि द्रवाचं बाष्पही होतं.

मग धूर थंड कुठे होतो? नळीच्या भिंतींना लागून, आणि ते साध्या पाईपमध्येही होतं. सिगारेट तपासणाऱ्या यंत्राचा प्रमाण झुरका 35 मिलिलिटरचा आणि दोन सेकंदांचा असतो. तोच आकडा धरला तर चार मिलिमीटरच्या बोगद्यात धुराचा वेग सेकंदाला 1.4 मीटर येतो. इतक्या अरुंद नळीत प्रवाह शांत, थरांचा असतो आणि पाचेक सेंटीमीटर अंतरात धुराचं तापमान भिंतीच्या जवळपास पोचतं. म्हणजे निव्वळ गरम हवा हा प्रश्न साध्या पाईपनेही बराचसा सोडवलेला आहे.

उरतं ते पाणी, आणि सगळी गोम तिथे आहे. तंबाखूत मुळातच ओल असते, शिवाय जळताना हायड्रोजनपासून नवं पाणी तयार होतं. समजा धूर 60 अंशांना संपृक्त आहे, म्हणजे त्यात मावेल तेवढं बाष्प भरलेलं आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे 130 ग्रॅम बाष्प मावतं, 37 अंशांना फक्त 44 ग्रॅम. म्हणजे 35 मिलिलिटरच्या एका झुरक्यात साडेचार मिलिग्रॅम पाणी आहे आणि त्यातलं तीन मिलिग्रॅम जिभेवर आल्यावर द्रव होणार. बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता, म्हणजे अप्रकट उष्मा, दर मिलिग्रॅमला सुमारे 2.4 ज्यूल, म्हणजे सगळी मिळून सात ज्यूलच्या वर. त्याच झुरक्यातली कोरडी हवा 60 वरून 37 अंशांवर येताना जेमतेम 0.85 ज्यूल देते. आठपटीचा फरक. इडलीच्या भांड्याचं झाकण काढताना बसणारा चटका असाच हवेचा नसून वाफेचा असतो.

कॅलाबॅशची पोकळी हे पाणी वाटेतच काढून घेते. आतला व्यास तीन सेंटीमीटर धरा. चार मिलिमीटरच्या बोगद्याच्या तुलनेत छेद 56 पट मोठा, म्हणून वेग सेकंदाला अडीच सेंटीमीटरवर येतो. त्याहून मजेची गोष्ट आकारमानाची. पोकळी 50 मिलिलिटरची असेल आणि झुरका 35 चा, तर या झुरक्याला तोंडात येणारा धूर बराचसा मागच्या झुरक्याचा असतो. दोन झुरक्यांच्या मधली वीस-तीस सेकंदं तो भोपळ्याच्या थंड भिंतींपाशी नुसता उभा होता. तेवढ्यात बाष्प दवबिंदूच्या खाली जाऊन भिंतीवर ओघळतं आणि तळाशी, धुराच्या वाटेच्या खाली साठतं. साध्या बाकदार पाईपमध्ये तेच पाणी बरोबर वळणावर, बोगद्यातच साठतं आणि पाईप गुळगुळ वाजू लागतो. बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी भिंत 15 अंशांची असेल तर घनमीटरला 13 ग्रॅमच बाष्प उरतं. एप्रिलच्या दुपारी पोकळीचा हा फायदा बराच कमी होतो.

आणखी एक गोष्ट याच वेळात घडते. ताज्या धुरात दर घनसेंटीमीटरला अब्जावधी सूक्ष्मकण असतात. ते एकमेकांवर आदळून चिकटतात, कणांची संख्या झपाट्याने घटते आणि सरासरी आकार वाढतो. हे चिकटणं संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात चालतं, म्हणून पहिल्या काही सेकंदांत फार वेगाने होतं आणि मग मंदावतं. 0.09 सेकंदात बोगद्यातून निसटणाऱ्या धुराला तेवढी सवड मिळत नाही.

आपल्या चिलमीला ही युक्ती वेगळ्या रस्त्याने सापडलेली आहे. तोंडाशी धरलेली ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, बाष्प आणि चिकटा दोन्ही अडवते, फक्त तिला पोकळी लागत नाही. तोटा असा की छापी भिजत-सुकत राहते आणि ओढ सतत बदलते.

‘मवाळ’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. हुक्क्याचं पाणी विष शोषतं, भोपळा धूर शुद्ध करतो, या बाता आहेत. कार्बन मोनॉक्साइड पोकळीत द्रव होत नाही आणि पाण्यातही नावापुरताच विरघळतो. पाईपच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, आणि तोंडाच्या कर्करोगाला पाईप अपवाद नाही. कर्नाटक सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत हुक्क्यावर बंदी घातली, तेव्हा ‘हर्बल हुक्का तरी चालू द्या’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की कोळसा जळला की मोनॉक्साइड येणारच, वर गुलाबपाकळ्या असोत की पुदिना.

भोपळ्याला सगळंच जमतं असंही नाही. जिभेला झोंबणारी दुसरी गोष्ट म्हणजे धुराचा अल्कधर्मीपणा. निपाणीचा विडीचा तंबाखू उन्हात वाळवलेला, साखर कमी आणि निकोटिन जास्त असलेला. तो कॅलाबॅशमध्ये भरला तरी झोंबणारच. पाईपच्या मिश्रणांत पुष्कळदा व्हर्जिनिया असतो, म्हैसूर जिल्ह्यात हुणसूर-पिरियापट्टणकडे भट्टीत वाळवतात तसा. त्यात साखर टिकून राहते आणि धूर आम्लतेकडे झुकतो.

भोपळ्याची मान वेलावर असतानाच वळवतात. फळ कोवळं असताना ते फळीवर टेकवायचं आणि मानेच्या बाजूंना खुंट्या ठोकून दर थोड्या दिवसांनी जरा जरा सरकवायच्या. घाईने एकदम वाकवली तर मान आतून चिरते. ती चीर वाळल्यावरच दिसते आणि मग तिथून हवा शिरते. कवच टणक होऊन वेल सुकेपर्यंत फळ तोडायचं नाही. अर्धवट पिकलेलं कवच वाळताना आक्रसतं आणि वाटीला तोंड गोल मिळत नाही.

वापरात बिघडतं ते बहुधा बूच. कोरड्या उन्हाळ्यात ते आक्रसतं, कडेने हवा आत येते, धूर पातळ होतो आणि तंबाखू सारखा विझतो. ओढणारा मग जोर लावतो, त्याने आणखीच हवा येते. बुचाला मेणाचा पातळ हात दिला की भागतं. वाटी गरम असताना उपटायची नाही : बूच फाटतं, आणि गरम मीरशॉमला नखसुद्धा उमटतं. राख चाकूने खरवडू नये. वाटी पूर्ण निवल्यावर हलकेच फिरवत काढायची, पोकळी कागदाने टिपायची आणि दोन्ही भाग रात्रभर वेगळे ठेवायचे. पाणी किंवा स्पिरिट भोपळ्यात ओतू नये, आतला गर फुगतो आणि वास धरतो. खानापूरच्या पावसाळ्यात रात्रभरात काही वाळत नाही. तिथे जूनपासून असा पाईप आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा वापरला तर आत बुरशी ठरलेली.

ही कटकट नको म्हणून अलीकडचे कारागीर ब्रायरच्याच पाईपमध्ये, वाटीमागच्या दांड्यात पोकळी कोरतात. त्याला रिव्हर्स कॅलाबॅश म्हणतात. लाकूड कोरायला जागा थोडी, त्यामुळे पोकळी पाचेक मिलिलिटरची धरली तर धूर तिथे एक तृतीयांश सेकंदही थांबत नाही. पाणी साठायला आडोसा मिळतो, गुळगुळ कमी होते, पण मागचा झुरका थांबवून ठेवणं त्याला जमत नाही. त्यासाठी पोट भोपळ्याएवढंच लागतं.